चौथऱ्यावरचा रणगाडा

पुण्याहून जुन्या महामार्गाने मुंबईकडे निघालं की खडकी, दापोडी, पिंपरी, देहू रोड एकामागून एक मागे पडतात. घोरावडेश्वराचा डोंगर ओलांडला की सोमाटणे फाटा येतो. शिरगाव याच टापूतलं. प्रतिशिर्डीच्या मंदिरामुळे गावाचं नाव आता दूरवर पोचलं आहे. गुरुवारी इथे भाविकांची रीघ लागते. पण नकाशा समोर ठेवला की या गावाच्या जागेचं आणखी एक मोल लक्षात येतं. एका अंगाला खडकी आणि देहू रोडची लष्करी कोठारं नि वर्कशॉप, दुसऱ्या अंगाला तळेगाव, चाकण, भोसरीचे कारखाने. लष्कराचं पोलाद एकीकडे आणि पोलाद घडवणारे हात दुसरीकडे, आणि त्यांच्या मधोमध मावळातलं हे गाव.

खडकीला सेंट्रल ए.एफ.व्ही. डेपो आहे. ए.एफ.व्ही. म्हणजे चिलखती लढाऊ वाहनं. रणगाडे, त्यांचे सुटे भाग, त्यांची देवाणघेवाण असा या डेपोचा कारभार. सैन्यातून निवृत्त झालेला रणगाडा एखाद्या शहराला, महाविद्यालयाला किंवा स्मारकाला मिळतो, तेव्हा तो बऱ्याचदा याच डेपोतून ट्रेलरवर चढून निघतो. चौकात चौथरा बांधलेला असतो. क्रेनने रणगाडा वर ठेवतात, हिरवा रंग मारतात, हार घालतात, भाषणं होतात. त्यानंतर त्याच्याकडे कोणी फारसं पाहत नाही.

हा लेख त्या 'त्यानंतर'बद्दल आहे. जुनी, चेनवर चालणारी लष्करी वाहनं शोधणं, ओळखणं, उघडणं, दुरुस्त करणं आणि शक्य असेल तिथे पुन्हा चालवणं हे जगात एक गंभीर शास्त्र झालं आहे. त्यासाठी लागणारा इतिहास, यंत्रं आणि माणसं पुणे-नगर पट्ट्यात जितकी एकवटली आहेत, तितकी देशात क्वचितच कुठे असतील. तरीही आपण रंगालाच जतन समजून थांबलो आहोत.

घोड्यावरून चेनवर

पुण्याचं आणि रणगाड्यांचं नातं रणगाडा जन्माला येण्याच्या शंभर वर्षं आधी सुरू होतं. १८१७ च्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावावर पुण्याचा तह लादला गेला. त्या तहातून जे घोडदळ उभं राहिलं, त्याचा वारसा सांगणारी पलटण म्हणजे पूना हॉर्स. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. ज्या खडकीत मराठी घोडदळाने आपली शेवटच्या काळातली एक मोठी दौड केली, त्याच खडकीत आज चिलखती वाहनांचा डेपो आहे.

हिंदुस्थानी घोडदळाने घोडे सोडायला सुरुवात केली १९३८ मध्ये. सिंद हॉर्स या पलटणीने रावळपिंडीला घोडे परत केले आणि व्हिकर्सचे हलके रणगाडे व शेव्हर्लेच्या चिलखती मोटारी घेतल्या. आपलं चिलखती दल १ मे हा आपला दिवस मानतं तो त्या घटनेच्या स्मरणार्थ. खोगीर-लगामाचा सराव असलेल्या माणसांना क्लच, गिअर आणि वायरलेस शिकावे लागले. त्या शिक्षणाचं केंद्र झालं नगर. स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, तिथल्या निरनिराळ्या संस्था एकत्र करून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभं राहिलं. आजही भारतीय चिलखती दलाचं प्रशिक्षण तिथेच होतं.

याच संस्थेने फेब्रुवारी १९९४ मध्ये नगरला, निजामशाहीतल्या फराहबागेजवळ, कॅव्हलरी टँक म्युझियम सुरू केलं. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी स्वतः चिलखती दलातले होते. आज तिथे उघड्या मैदानात आणि छपराखाली मांडलेल्या रांगांतून फिरताना विसाव्या शतकाचा मोठा तुकडा पायाखालून जातो. ब्रिटिशांचे मटिल्डा, व्हॅलेंटाइन आणि अजस्र चर्चिल. ब्रह्मदेशच्या मोहिमेत ज्या बनावटींशी आपल्या जवानांची गाठ पडली ते जपानी हा-गो आणि ची-हा. पुढच्या काळातले सेंच्युरियन, एएमएक्स-१३, पीटी-७६, विजयंता. आणि पाकिस्तानी सैन्यात असलेले शॅफी आणि पॅटन. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टवर चढवलेली चिलखती मोटारही तिथे आहे. तिला चेन नाही, चाकं आहेत, पण या घराण्याची ती पूर्वज.

तीन रणगाडे, तीन लढाया

जुना रणगाडा का जपायचा, याचं उत्तर त्याच्या पोलादात नसून त्याच्या कामगिरीत आहे. तीन उदाहरणं पुरेशी आहेत.

पहिलं स्टुअर्टचं. हा अमेरिकी बनावटीचा, साधारण तेरा टनांचा हलका रणगाडा. १९४८ च्या हिवाळ्याच्या तोंडावर लडाखची वाट अडवून पाकिस्तानच्या बाजूचा शत्रू जोझी ला खिंडीत बसला होता. साडेतीन हजार मीटर उंचीवर रणगाडा येईल, असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मेजर जनरल थिमय्यांनी तो नेण्याचं ठरवलं. सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट जम्मूहून श्रीनगरला आणि तिथून बालतालला पोचवले गेले. वाटेत कोणाला ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे बुरूज उतरवून ठेवले होते. मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी, डोंगर फोडून रस्ता केला. १ नोव्हेंबर १९४८ ला लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग 'स्पॅरो' यांच्या रणगाड्यांनी बर्फात खिंड गाठली आणि शत्रूचा धीर सुटला. बुरूज उतरवणं आणि पुन्हा बसवणं हे वर्कशॉपचं काम. म्हणजे ती लढाई जितकी घोडदळाची, तितकीच फिटर आणि सॅपरचीही.

दुसरं शर्मनचं. १९६५ च्या सप्टेंबरात पंजाबात खेमकरणजवळ असल उत्तरला पाकिस्तानचं पहिलं आर्मर्ड डिव्हिजन आधुनिक पॅटननिशी उतरलं. समोरच्या आपल्या पलटणींत एक डेक्कन हॉर्स होती, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या शर्मनवर बसलेली. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, अलिबागचे. उसाची शेतं, पाणी सोडून दलदल केलेली जमीन आणि नेमका नेम, यांच्या बळावर ८ ते १० सप्टेंबरच्या लढाईत पॅटनची दाणादाण उडाली. पकडलेले आणि निकामी झालेले पॅटन नंतर भिखीविंडला आणून ठेवले, त्या जागेला लोक पॅटन नगर म्हणू लागले. वैद्यांना महावीरचक्र मिळालं. १९७१ मध्ये शकरगढ भागात सोळाव्या स्वतंत्र आर्मर्ड ब्रिगेडचं नेतृत्व करताना त्यांना दुसऱ्यांदा महावीरचक्र मिळालं. पुढे ते लष्करप्रमुख झाले आणि निवृत्तीनंतर १० ऑगस्ट १९८६ ला पुण्यात त्यांची हत्या झाली.

तिसरं सेंच्युरियनचं, आणि ते या लेखाचं मर्म आहे. वैद्यांच्या त्याच ब्रिगेडमध्ये पूना हॉर्स होती. पलटणीने १९६५ मध्ये आपला प्रमुख गमावला होता. फिलोराच्या लढाईत जखमी होऊनही मागे न गेलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १६ सप्टेंबरला बुटूर डोग्रांदीजवळ धारातीर्थी पडले. ते पुण्याच्या सरदार दस्तूर शाळेत शिकलेले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. सहा वर्षांनी, १६ डिसेंबर १९७१ ला, बसंतर नदीच्या लढाईत जरपालजवळ पूना हॉर्सचा एकवीस वर्षांचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल आपल्या सेंच्युरियनमधून शत्रूच्या पॅटनना अडवून उभा राहिला. त्याचा जन्म पुण्याचा, १४ ऑक्टोबर १९५० चा. रणगाड्याला आग लागली, बाहेर पडण्याचा हुकूम आला. तोफ अजून चालते आहे, असं रेडिओवर सांगून तो लढत राहिला आणि तिथेच पडला. त्यालाही परमवीरचक्र मिळालं. त्याच्या रणगाड्याचं नाव होतं 'फॅमागुस्ता'.

तो फॅमागुस्ता नंतर दुरुस्त करून नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्ये जतन करण्यात आला. जुना रणगाडा पुन्हा उभा करणं म्हणजे काय, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोलाचं उदाहरण तेच.

सापडतात कुठे

युरोपात जुने रणगाडे नदीच्या गाळातून, तळ्याच्या तळातून, शेतकऱ्याच्या कोठारातून निघतात. आपल्याकडे ते वेगळ्या ठिकाणी असतात. काही पलटणींच्या आवारात, दारासमोर. काही डेपोच्या मागच्या अंगाला. काही सराव-क्षेत्रांवर, कारण निवृत्त रणगाडा बऱ्याचदा नव्या तोफांचं लक्ष्य म्हणून उभा केला जातो. नगरजवळचं खारे-कर्जुने, म्हणजे लष्कराच्या बोलीतलं के.के. रेंज, असंच क्षेत्र आहे. काही लढाईच्या जागीच राहिले. कोहिमाला १९४४ मध्ये चढणीवर घसरून अडकलेला अमेरिकी एम-३ ली आजही तिथेच स्मारक म्हणून आहे.

बाकीचे भंगारात गेले. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा मित्रराष्ट्रांची प्रचंड सामग्री या देशात पडून होती. अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेल्या चेनच्या ट्रॅक्टरांवर स्वातंत्र्याच्या सुमाराला सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन उभी राहिली आणि कांसगवताने व्यापलेल्या जमिनी तिने नांगराखाली आणल्या. ब्रेन कॅरिअरसारखी हलकी चेनची वाहनं जगभर लाखाच्या वर बनली होती. त्यांच्यात साधं फोर्डचं व्ही-८ इंजिन असे, म्हणून ती सहज मोडली गेली आणि सुटे भाग दुसरीकडे लागले. उरलेलं पोलाद वितळलं. आज एखादं जुनं कॅरिअर कुठे दिसलंच, तर त्याची किंमत वजनावर करू नये, एवढी जाण तरी भंगारवाल्यांत आणि विकणाऱ्यांत यायला हवी.

इथेच एक कळकळीचा इशारा. सराव-क्षेत्रात जाऊन लोखंड गोळा करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. न फुटलेला तोफगोळा वरून गंजलेला दिसला तरी आतून जिवंत असतो. अशा गोळ्यांच्या स्फोटांत गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. जुनं वाहन शोधायचं ते कागदोपत्री, परवानगीने आणि लष्कराच्या तज्ज्ञांसोबतच.

उघडायचा कसा

दुरुस्तीचा पहिला नियम ऐकायला विचित्र वाटतो: आधी रंग खरवडू नका. चौथऱ्यावर न्यायच्या रणगाड्याला सरसकट सँडब्लास्टिंग करून नवा रंग मारण्याची पद्धत आहे, आणि त्याच घाईत त्याचा इतिहास धुऊन जातो. प्रत्येक रणगाड्यावर रंगाचे थर असतात. वरच्या ऑलिव्ह हिरव्याखाली वाळूचा रंग, त्याखाली आणखी काही. त्या थरांत पलटणीची खूण, स्क्वाड्रनचं चिन्ह, क्रूने दिलेलं नाव, नंबर दडलेला असतो. रणगाड्याच्या धडावर आणि बुरुजावर ठोकलेले आकडे, ओतकामाच्या खुणा, इंजिनावरची प्लेट यांचे फोटो काढून, नोंदी करून मगच पुढे जायचं. शत्रूच्या गोळ्याने पडलेला खड्डा बुजवायचा नाही. तो खड्डाच त्या यंत्राची सनद आहे.

मग सुरक्षितता. तोफेची नळी आणि ब्रीच (गोळा भरायची मागची बाजू) रिकामी असल्याची खात्री तज्ज्ञाकडून करून घ्यायची. महायुद्धकाळातल्या वाहनांच्या काही डायलवर अंधारात चमकण्यासाठी रेडियम लावलेलं असे, तेव्हा त्यांना उघडा हात लावायचा नाही. गॅस्केट आणि ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. वर्षानुवर्षं बंद असलेल्या धडामध्ये गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो, त्यामुळे झाकण उघडून लगेच आत उतरणं जिवावर बेतू शकतं.

त्यानंतरचा शत्रू पाणी. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. शिरगाव घाटमाथ्यापासून जरा आत असलं तरी मावळातला पावसाळा उघड्यावरच्या लोखंडाला सोडत नाही. रणगाड्याचं बूड नदीनाले ओलांडण्यासाठी पाणबंद केलेलं असतं. बाहेरचं पाणी आत येऊ नये, ही त्यामागची योजना. पण चौथऱ्यावर उभ्या रणगाड्याच्या इंजिनावरच्या जाळ्यांतून, झिजलेल्या झाकणांतून पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट नसल्याने साचतं. बाहेरून दरवर्षी रंग, आत टाकीभर पाणी, अशी अवस्था होते. उपाय जवळजवळ फुकटचा आहे. बुडाचे ड्रेन प्लग काढून ठेवायचे, जाळ्यांवर उतरतं पत्र्याचं छप्पर द्यायचं आणि पावसाळ्याआधी व नंतर कोणीतरी आत डोकवायचं. आपल्या चौकातल्या रणगाड्यासाठी एवढं केलं तरी त्याचं आयुष्य कितीतरी वाढेल.

यंत्राचं काम याच्यापुढे सुरू होतं. प्रत्येक इंजिनाची तऱ्हा निराळी. स्टुअर्टच्या सुरुवातीच्या प्रकारांचं इंजिन विमानासारखं, गोलाकार मांडलेल्या सात सिलिंडरचं. उभं राहिलं की खालच्या सिलिंडरमध्ये तेल उतरतं, म्हणून सुरू करण्याआधी ते हाताने फिरवून घ्यावं लागतं, नाहीतर आतलं काहीतरी वाकतं. शर्मनच्या एम४ए४ या प्रकारात क्रायस्लरने मोटारीची पाच इंजिनं एकत्र जोडली होती, तीस सिलिंडर. सेंच्युरियनमध्ये रोल्स-रॉइसचं मिटिऑर, म्हणजे स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचं जमिनीवरचं भावंड. विजयंतामध्ये लेलँडचं एल-६०, ज्याच्या एकाच सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर धावतात. टी-५५ मध्ये बारा सिलिंडरचं रशियन डिझेल, टी-३४ च्या घराण्यातलं.

जाम झालेलं इंजिन जोर लावून फिरवलं तर तुटतं. सिलिंडरमध्ये तेल सोडून दिवसेंदिवस वाट पाहायची, मग हाताने केसभर हलतंय का बघायचं, पुन्हा तेल, पुन्हा वाट. चेनची गोष्टही अशीच. सेंच्युरियनची चेन मँगनीज पोलादाची. पिना झिजल्या की ती लांबते, स्प्रॉकेटचे दात चुकतात आणि वळताना उतरते. रोडव्हीलवरचं रबर वाळून भेगाळतं, ते नव्याने चढवावं लागतं. मूळ भाग मिळत नाही, तेव्हा पॅटर्न करायचा, ओतकाम करायचं, लेथवर घ्यायचं. केलेल्या प्रत्येक नव्या भागावर तारीख कोरायची, म्हणजे पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला मूळ कोणता आणि नवा कोणता ते कळेल.

चालवायचा की ठेवायचा

इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियममध्ये एक जर्मन टायगर आहे, नंबर १३१. तो ट्युनिशियात एप्रिल १९४३ मध्ये ब्रिटिशांच्या हाती लागला. १९९० मध्ये त्याच्या दुरुस्तीला हात घातला गेला आणि चालतं इंजिन घेऊन तो संग्रहालयात परतला तेव्हा २००३ साल संपत आलं होतं. आता वर्षातले मोजके दिवस तो मैदानात फिरतो आणि तो पाहायला देशोदेशींचे लोक तिकीट काढून येतात. फ्रान्समध्ये सोम्यूरचं संग्रहालयही आपले जुने रणगाडे चालवून दाखवतं.

चालवण्याला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा खरा आहे. प्रत्येक फेरीत मूळ धातू झिजतो, आणि एकदा झिजलेला मूळ भाग परत येत नाही. खर्चही आहे. सुरुवातीच्या सेंच्युरियनच्या टाक्यांत साधारण साडेचारशे लिटर पेट्रोल मावे आणि त्यावर तो रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास जाई.

माझ्या मते उत्तर दोन भागांत आहे. फॅमागुस्तासारखा रणगाडा, ज्याच्या अंगावर एका लढाईची आणि एका माणसाची खूण आहे, तो चालवू नये. त्याचा एक बोल्टही बदलू नये, फक्त गंज थांबवावा, छपराखाली ठेवावा, नोंद करावी. पण ज्या बनावटीचे एकाहून अधिक रणगाडे आपल्याकडे आहेत, त्यांतला किमान एक तरी चालता ठेवावा. थांबलेला रणगाडा पाहून मुलाला फक्त त्याचा आकार कळतो. चालणारा पाहिला की जोझी लाच्या चढणीवर ते तेरा टन कसे चढले असतील, याचा अंदाज येतो. आतला उकाडा, धूर, आवाज, सभोवतालचं जवळजवळ काहीच न दिसणं, या सगळ्यातून एकवीस वर्षांच्या मुलाने काय केलं, ते तेव्हा कळतं.

हात इथेच आहेत

हे काम परदेशी तज्ज्ञांशिवाय होणार नाही, असा समज काढून टाकायला हवा. १५ ऑक्टोबर १९४३ ला स्थापन झालेल्या लष्कराच्या ई.एम.ई. या यंत्रदुरुस्ती दलाने गेली ऐंशी वर्षं हेच केलं आहे. खडकीचं ५१२ आर्मी बेस वर्कशॉप त्याच परंपरेतलं. अशा वर्कशॉपमधून आणि डेपोतून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, वेल्डर, स्टोअरकीपर देहू रोड, पिंपरी, तळेगाव आणि मावळातल्या गावांत राहतात. सेंच्युरियनचा गिअरबॉक्स, विजयंताच्या इंजिनाच्या खोड्या, एएमएक्स-१३ च्या डोलणाऱ्या बुरुजाची रचना त्यांच्या बोटांत आहे. ही माणसं आता साठी-सत्तरी ओलांडून पुढे गेली आहेत. रणगाड्याचं पोलाद अजून पन्नास वर्षं थांबेल, त्यांचं ज्ञान थांबणार नाही.

दुसरीकडे भोसरी आणि चाकणमध्ये देशातल्या उत्तम फाउंड्री आणि मशीन शॉप आहेत. तुटलेला स्प्रॉकेट स्कॅन करून नवा घडवणं त्यांना अवघड नाही. मावळातल्या कोणत्याही पोकलेनच्या मालकाला चेन ताणणं, पिन बदलणं, रोलर पाहणं शिकवावं लागत नाही. आयटीआयच्या मुलांना एका जुन्या रणगाड्यावर एक वर्ष काम करू दिलं, तर धातू, इंजिन, हायड्रॉलिक आणि इतिहास एकाच इयत्तेत शिकवता येईल.

म्हणून चार मागण्या. नगरच्या संग्रहालयाच्या आणि खडकीच्या डेपोच्या जोडीला, लष्कराच्याच देखरेखीखाली, पुणे पट्ट्यात जुन्या चेनच्या वाहनांसाठी एक कायमचं जतन-वर्कशॉप हवं, जिथे नागरी कारखाने आणि आयटीआय मदत करू शकतील. महाराष्ट्रातल्या चौकांत, शाळांत, उद्यानांत उभ्या असलेल्या प्रत्येक रणगाड्याची एक सार्वजनिक नोंदवही व्हावी: बनावट, नंबर, पलटण, कोणती लढाई, शेवटची तपासणी कधी झाली. नवा रंग मारण्याआधी जुन्या थरांची नोंद सक्तीची व्हावी. आणि निवृत्त कारागिरांच्या आठवणी, त्यांच्या कामाच्या पद्धती, त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड व्हाव्यात. या शेवटच्या कामाला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. लष्कराच्या गुप्ततेला धक्का न लावता, सेवेतून कधीच बाहेर पडलेल्या यंत्रांबद्दल बोलायला ही माणसं आनंदाने तयार होतील.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. तुमच्या गावात, कॉलनीत, नात्यात कोणी खडकी, देहू रोड किंवा नगरला चिलखती वाहनांवर काम केलेलं असेल, तर या दिवाळीत त्यांच्याकडे फराळाला जा आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून ठेवा. आणि तुमच्या चौकातल्या रणगाड्याच्या बुडाचा ड्रेन प्लग उघडा आहे की नाही, हे नगरपालिकेला एकदा लेखी विचारा.